लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगावच्या दुकानापासून कुंडलच्या माळापर्यंत

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड या नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. हे नाव वाचताच मराठी माणसाला प्रथम संगीत नाटक आठवते, आणि त्यात नवल नाही. ‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्कर आणि ज्यांच्या सायकलींच्या दुकानामुळे या रस्त्याला हे नाव मिळाले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर, या दोघांचेही जन्मगाव एकच, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. १८८५ साली अण्णासाहेबांचे निधन झाले. त्याच वर्षी याच गावच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने चित्रकार व्हावे म्हणून मुंबईची वाट धरली. एकाने मराठी रंगभूमीला तिचे सूर दिले, दुसऱ्याने मराठी शेताला लोखंडी नांगर दिला. एकाच लहानशा गावाच्या वाट्याला हे दोन्ही मान यावेत, हा योगायोग सीमाभागातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असाच आहे.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलांनी शिकून सवरून सरकारदरबारी नाव काढावे ही त्या काळच्या प्रतिष्ठित घरातील अपेक्षा त्यांचीही होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमले नाही. यंत्रे आणि चित्रे या दोनच गोष्टींचा त्यांना नाद होता, आणि हे दोन्ही नाद वडिलांच्या दृष्टीने निरुपयोगी होते. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणूनच वडिलांची इच्छा डावलून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आले. रामूअण्णांचे हे पाठीशी उभे राहणे पुढे जन्मभर टिकले. किर्लोस्करांच्या कारखान्याची कथा सांगताना बहुतेक वेळा सारे श्रेय एकट्या लक्ष्मणरावांच्या पदरात टाकले जाते. पण कारखान्याच्या पाटीवर जे ‘ब्रदर्स’ हे इंग्रजी अक्षर होते, ते केवळ शोभेसाठी नव्हते.

चित्रकलेच्या वर्गात दोन वर्षे गेल्यावर लक्ष्मणरावांना एक विलक्षण शोध लागला. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळतच नव्हता. रंगांधळ्या माणसाने चित्रकार व्हावे कसे? दुसरा एखादा तरुण या आघाताने गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा तेवढी ठेवली. यंत्रांची आरेखने काढण्यास रंगांची गरज नसते. तेथे मोजमाप लागते, हात स्थिर लागतो, आणि कागदावरील तीन आकृत्यांवरून डोळ्यांपुढे एक सबंध वस्तू उभी करण्याची कल्पनाशक्ती लागते. ती त्यांच्यापाशी भरपूर होती. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये पुढे यंत्र-आरेखन शिकविणारे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकविता शिकविता ते तेथील यंत्रांवर स्वतःच्या हातांनी काम करावयास शिकले. पांढरपेशा घरातील पदवीधर ज्या काळात हाताला तेल लागू देण्यास लाजत असे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१८८८ साली या दोघा भावांनी बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पेढी काढली. विक्रीचा माल होता सायकली. दुचाकी वाहन हे तेव्हा बेळगावसारख्या गावात एक आश्चर्यच होते. मुंबईत राहून लक्ष्मणराव सायकली खरेदी करून पाठवीत. बेळगावात रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालविण्यास शिकवीत. ज्या वस्तूचा उपयोगच लोकांना ठाऊक नाही, ती नुसती दुकानात मांडून खपत नाही, तिच्याबरोबर तिचे शिक्षणही विकावे लागते, हा व्यापारातील पहिला धडा या दोघा भावांनी येथे गिरविला. पुढे नांगराच्या बाबतीत तो फार उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना वरची जागा मिळावयाची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. अपमान मुकाट्याने गिळून पेन्शनीची वाट पाहणे हा राजमार्ग होता. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावास आले. सायकलींचे दुकान चालू होतेच; आता त्याच्या जोडीला मोजक्या यंत्रांचा एक लहानसा कारखाना उभा राहिला. दुसऱ्याने केलेला माल विकणे आणि स्वतः माल तयार करणे यांत केवढे अंतर असते, हे ज्याने दोन्ही केले आहे त्यालाच कळते. विक्रेत्याचा पैसा दोन-चार महिन्यांत फिरून हाती येतो. कारखानदाराचा पैसा यंत्रांत, कच्च्या मालात, कामगारांच्या मजुरीत आणि न खपलेल्या मालात वर्षानुवर्षे गाडलेला राहतो.

पहिला माल होता कडबा कापण्याचे यंत्र. अखंड कडबा गुरांपुढे टाकला की त्यातील बराचसा पायदळी जातो; कापून घातला तर वैरण पुरवठ्यास येते. ही बचत शेतकऱ्याच्या डोळ्यांना लगेच दिसणारी होती. १९०३ साली लक्ष्मणरावांनी पहिला लोखंडी नांगर तयार केला, त्याची गोष्ट मात्र अगदी निराळी झाली.

हा नांगर दोन वर्षे खपला नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. शहरी लेखकांनी या समजुतीची आजवर पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु तिच्याकडे थोडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. आपल्याकडील लाकडी नांगरालाही लोखंडी फाळ असतोच. म्हणजे लोखंड मातीला लागू नये असे काही शेतकऱ्याचे म्हणणे असणे शक्य नव्हते. नव्या नांगराने जे घडत होते ते मात्र त्याच्या वाडवडिलांनी पाहिलेले नव्हते. लाकडी नांगर जमीन चिरतो, माती जागच्या जागी राहते. लोखंडी नांगराची वळणदार पाती मातीचा थर उचलून संपूर्ण उलथा करते. खालची माती वर येते, वरची खाली जाते. हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात, हा त्याचा मोठा फायदा. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वरची माती डोळ्यांदेखत गाडली जाताना पाहून कुणब्याच्या पोटात गोळा उठला असेल, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

दुसरेही एक कारण होते, आणि ते अधिक व्यवहारी होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार तो दुरुस्त करून देई. त्याबद्दल रोकड मोजावी लागत नसे. सुगीला बलुते घातले की झाले. लोखंडी नांगर मोडला तर गावचा लोहार तेथे हतबल. कारण त्याची भट्टी पोलाद तापवून ठोकावयाची, बीड ओतावयाची नव्हे. एक बीडाचा तुकडा तडकला की सबंध नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर गोठ्यात पडून राहावयाचा. ज्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो, त्याने असा धोका पत्करावा असे कोणत्या आधारावर म्हणावे?

या दोन्ही शंकांना भाषणाने उत्तर देता येत नव्हते. १९०५ नंतर स्वदेशीची लाट उसळली. पुण्या-मुंबईच्या सभांतून परदेशी मालाच्या होळ्या झाल्या. पण घोषणा ऐकून कोणी शेतकरी नांगर विकत घेत नाही. उत्तर द्यावयाचे ते नांगरानेच. येथे लक्ष्मणरावांचे यंत्र-आरेखन कामास आले. एका साच्यातून निघालेला प्रत्येक फाळ दुसऱ्याची जागा घेऊ शकला पाहिजे, कोणत्याही नांगराचे भोक कोणत्याही नांगराच्या खिळ्याशी जुळले पाहिजे, म्हणजे मग शेतकऱ्याला सबंध नांगर घेऊन शहरात येण्याचे कारण उरत नाही; झिजलेला भाग बदलला की काम भागते. ऐकावयास सोपी वाटणारी ही गोष्ट लहान कारखान्यात साधणे फार कठीण असते. ओतशाळेत लाकडी नमुना वाळूत दाबून साचा करतात, तो काढून घेऊन त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना आकसते, म्हणून नमुना तेवढ्या हिशेबाने मोठा धरावा लागतो. वाळू ओली राहिली तर वाफेने ओतीव पोकळ होते. कोरडी झाली तर साचा ढासळतो. फाळाचे टोक मऊ राहिले तर चार दिवसांत बोथट होते, अति कठीण झाले तर दगडाला लागून तुटते. या दोहोंच्या मधली वाट प्रत्येक ओतीच्या वेळी नव्याने सापडावी लागते. पुस्तकांतून जे मिळेल ते लक्ष्मणराव अमेरिकेहून येणाऱ्या यंत्रविषयक मासिकांतून मिळवीत. उरलेले वाळूत आणि भट्टीपाशी उभे राहून.

हळूहळू नांगर खपू लागला. आणि नेमक्या याच वेळी पायाखालची जमीन गेली.

बेळगाव वाढत होते. गावाबाहेरची वस्ती वसविण्याची योजना नगरपालिकेने आखली आणि किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. शहराला राहण्यासाठी जागा हवी होती. घणांचा आवाज आणि भट्टीचा धूर शेजारी कोणाला नको होता. तसे पाहता हा तंटा आजही प्रत्येक गावात चालू आहे. परंतु त्या निर्णयाचा हिशेब बेळगावने कधी मांडला काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. चाळिशी गाठलेला, भांडवल नसलेला, नुकताच कोठे माल खपू लागलेला एक कारखानदार यंत्रे उखडून कोठे न्यावी या विवंचनेत होता. त्याच्याबरोबर त्याने शिकवून तयार केलेले कामगारही होते. यंत्रे पेट्यांत भरून ठेवता येतात. कसबी माणसे तशी ठेवता येत नाहीत. महिनाभर चूल पेटली नाही तर ती पांगतात, आणि एकदा पांगली की दहा वर्षांची कमाई पांगते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. पुढे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून आणि आपल्या प्रजेला स्वराज्याचे हक्क देणारे राजे म्हणून त्यांचा देशभर लौकिक झाला. लक्ष्मणरावांनी औंधात बांधकामाचे एक काम अंगावर घेतले होते, त्या निमित्ताने दोघांचा परिचय वाढला. बेळगावची हकीकत कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. दहा हजार ही रक्कम एखाद्या संस्थानिकाच्या दृष्टीने फार मोठी नव्हे. एका लग्नसमारंभात त्याहून अधिक खर्च करणारे राजे त्या काळी काही थोडे नव्हते. पण ती योग्य माणसाला योग्य वेळी मिळाली. ओगले बंधूंचा काचकारखानाही पुढे याच संस्थानच्या आश्रयाने उभा राहिला, हे येथे सहज आठवते.

जागा मिळाली ती पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकानजीकची, बत्तीस एकर. ती घेण्यात लक्ष्मणरावांनी एकच गोष्ट पाहिली असावी : आगगाडी. बीड आणि कोक जड माल. तयार नांगरही जड. बैलगाडीच्या भाड्याने तो नेला-आणला तर नफा रस्त्यातच सांडावयाचा. बाकी त्या जागेत पाहण्यासारखे काहीच नव्हते. निवडुंग, खडक आणि साप. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आणि गुलाब यांची जोडी घातली, तिचे मूळ या माळरानात आहे. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस. पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह या माळावर राहण्यास आले. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी आणि इतर कुटुंबांतील स्त्रियांनी त्या सापांच्या माळावर पहिले पावसाळे कसे काढले असतील, याची नोंद उद्योगाच्या इतिहासात सापडत नाही. यंत्रांची सापडते.

माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची रीत मात्र आवर्जून सांगण्याजोगी आहे. शंभूअण्णा जांभेकर कोणतेही अभियांत्रिकी शिक्षण न घेता उत्तम अभियंते झाले. अनंतराव फळणीकरांनी शिक्षण अर्धवट सोडलेले. त्यांची कल्पकता कारखान्यात फुलली. परीक्षेत अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी कामगारांपासून कोर्टकचेऱ्यांपर्यंत सारे काही सांभाळू लागले. मंगेशराव रेग्यांच्या हाती हिशेब आला. तुकाराम रामोशी याच्यासारख्या, शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्यात आली, आणि त्यांनी ती निष्ठेने पार पाडली. यात नुसती भूतदया होती असे म्हणता येत नाही. पदवीधर इंजिनियरला मोठा पगार देण्याची ऐपत नव्हती, आणि दिला असता तरी त्या माळावर कोणी आलाही नसता. पण मुळात गोष्ट अशी की, ज्याला शाळेने नापास केले, डोळ्यांनी चित्रकलेतून बाहेर काढले, नोकरीने डावलले आणि गावाने जागा सोडावयास लावले, त्याला दुसऱ्याच्या कपाळावरचा नापासाचा शिक्का फारसा महत्त्वाचा वाटत नसे.

वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. घरे, रस्ते, झाडे यांची आखणी होती. कारखान्याभोवती वसलेल्या गावांची जी कळा सर्वत्र दिसते तशी येथे होऊ नये, असा मालकाचा कटाक्ष होता. या व्यवस्थेत वडीलकीचा अंश होता, हेही सांगितले पाहिजे. ज्या हाताने पगार द्यावयाचा, त्याच हाताने घर द्यावयाचे, अशा गावात कामगाराला मालकाशी भांडण करणे सोपे नसते. नंतरच्या काळातील कामगार चळवळीला ही रीत पटण्यासारखी नव्हती. तथापि १९१० साली, जेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराला चाळीतल्या अंधाऱ्या खोलीपलीकडे काही मिळत नव्हते, तेव्हा माळावरची ही वस्ती अपवादच म्हणावी लागेल.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आयात थांबली. बाजार मोकळा झाला. पण कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. मागणी आहे आणि माल करावयास धातू नाही, अशी विचित्र कोंडी झाली. या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या लोखंडी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली गेली की तिच्यातील काव्यच लोकांच्या ध्यानात राहिले. कारखान्याच्या दृष्टीने तिचा अर्थ साधा होता : भट्टी विझली नाही, आणि माणसे पांगली नाहीत.

युद्ध संपल्यावर, १९२० साली, भावाभावांच्या पेढीचे रूपांतर ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीत झाले. ज्यांनी आपल्या घरचे लग्नकार्य आणि कारखान्याचा हिशेब एकाच वहीत लिहावा अशी आपल्याकडील घरगुती धंद्यांची परंपरा, तिच्यातून बाहेर पडण्याचे हे पाऊल होते. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी निघालेले हे पत्रक. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’. सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी वाचनालयांतील कपाटे ज्यांच्या बांधीव खंडांनी भरली, ती तिन्ही मासिके मुळात एका नांगराच्या जाहिरातीची नातवंडे आहेत. साहित्याच्या इतिहासकारांनी ही वंशावळ थोड्या संकोचानेच सांगितली आहे. तसा संकोच करण्याचे काही कारण नाही. सायकलीबरोबर सायकल चालविणे शिकविणाऱ्या घराण्याने नांगराबरोबर वाचनही शिकविले, इतकेच.

नांगराच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल निघू लागला. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ साली परतले. पदवी नसलेल्यांनी उभारलेल्या कारखान्यात पहिला मोठा पदवीधर आला तो मालकाचाच मुलगा. शेतमालाचे भाव कोसळले की शेतकरी प्रथम यंत्राची खरेदी थांबवितो. १९२९ नंतरच्या मंदीत किर्लोस्करांना त्याचा पुरता अनुभव आला, आणि शेतीशी संबंध नसलेल्या लोखंडी फर्निचरसारख्या मालाकडेही वळावे लागले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ यंत्रे तयार करणारी म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली, १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा आणि बंगळूरमध्ये विद्युत-यंत्रांचा कारखाना. हा सारा विस्तार पुढच्या पिढीच्या हातचा. त्याचा इतिहास स्वतंत्र आहे.

१९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली. अस्पृश्यता न मानणारी आणि जन्माची जात न विचारता माणसे कामावर घेणारी वाडी मालकाची जात पाहून जाळली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि त्यांचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ज्या माळावर ते बेळगाव सोडून गेले होते, तो आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे रेल्वे स्थानकाचे नाव त्याआधीच पुसले गेले होते. तेथील पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.